कमानीचा थांबा

आज कामानिमित्त कुर्ल्याला गेले होते. लालबहादूर शास्त्री मार्गावर बस थांबली आणि कंडक्टरने "कमानी, कमानी" असा पुकारा केला, तेव्हा कमानी ट्यूब्ज ही धातूच्या नळ्या बनवणारी कंपनी सावरणाऱ्या उद्योजिका कल्पना सरोज यांची आठवण झाली आणि पुढचा सारा प्रवास त्याच विचारात गेला.

अकोला जिल्ह्यातील रोपरखेडा या खेड्यात जन्मलेल्या, बाराव्या वर्षी लग्न होऊन मुंबईच्या झोपडपट्टीत आलेल्या आणि सासरच्या छळामुळे माहेरी परतावे लागलेल्या या मुलीने पुन्हा मुंबई गाठली, तेव्हा होजियरीच्या कारखान्यात तिला दिवसाला 2 रुपये मिळत. पुढे शिलाईचे काम, मग 50,000 रुपयांच्या सरकारी कर्जावर फर्निचरचा व्यवसाय, असे एकेक पाऊल तिने टाकले.

मला सर्वांत मोठा वाटतो तो मात्र त्यांचा पुढचा निर्णय. कमानी ट्यूब्ज 116 कोटींच्या कर्जात बुडालेली असताना, कामगार मदतीसाठी दारी आले म्हणून त्यांनी ती जबाबदारी अंगावर घेतली, कारखाना सावरला आणि कामगारांची थकलेली देणी चुकती केली. 2013 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पण माझ्या लेखी खरा सन्मान त्या देण्यांचा आहे, कारण हातावरच्या पोटाची किंमत त्यांना स्वतःला ठाऊक होती.

माझी आईही शिलाईकाम करायची. आज घरी आल्यावर तिच्या जुन्या मशीनवरची धूळ पुसली, चाकाला तेल घातले आणि शेजारच्या मुलीला उद्यापासून शिकायला ये म्हणून सांगून आले.