अण्णांचा छापखाना : आमची वाटचाल

आमचा छापखाना अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी काढला आणि हातपाय चालत होते तोवर त्यांनीच चालवला. मागच्या पौषात ते गेले. तेव्हापासून जुनं गिऱ्हाईक दुकानात आलं की कामाचं बोलायच्या आधी अण्णांची एखादी आठवण सांगतं. दुकानातले अण्णा आणि घरातले अण्णा असे दोन कधी नव्हतेच, त्यामुळे ही वाटचाल लिहिताना धंदा आणि घर एकत्रच येणार.

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या वर्षी सांगलीच्या गणपती पेठेत, एका जुन्या वाड्याच्या तळमजल्यावर सुरुवात झाली. त्याआधी अण्णा दुसऱ्यांच्या प्रेसमध्ये कंपोझिटर, म्हणजे छपाईची अक्षरं जुळवणारे कामगार होते. आईच्या पाटल्या मोडल्या, वर पतपेढीचं कर्ज काढलं आणि पायाने मारायचं एक जुनं छपाईयंत्र, म्हणजे ट्रेडल घेतला. पाटी लागली ती आईच्या नावाची. पाटल्या तिच्या, तर नावही तिचंच, असा त्यांचा सरळ हिशोब.

खिळ्यांचं, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांचं काम आजच्या मुलांना सांगून खरं वाटत नाही. डाव्या हातात ओळ जुळवायची पट्टी, म्हणजे स्टिक; समोर खिळ्यांचा लाकडी ट्रे, त्याला म्हणायचं केस, त्यात शेकडो खाने. देवनागरीची जुळणी तर तीन मजली: मधे अक्षर, वर मात्रा-वेलांटी, खाली उकार. सगळी अक्षरं उलटी, आणि ती उलटीच वाचायची सवय करायची. अण्णांचा हात केसाकडे न बघता फिरायचा. उन्हाळ्यात शाई लावायचे सरसाचे रोलर मऊ पडायचे, म्हणून लग्नसराईतलं छपाईचं काम ते पहाटेच काढत. मिरजेत १८०५ साली पटवर्धनांच्या आश्रयाने तांब्याच्या पत्र्यांवर अक्षरं कोरून भगवद्गीता छापली होती, ही गोष्ट कामावर येणाऱ्या प्रत्येक नव्या पोराला पहिल्याच दिवशी ऐकावी लागे. आपल्या भागात हे काम किती जुनं आहे ते त्याला कळलं पाहिजे, असं त्यांना मनापासून वाटायचं.

सुरुवातीची कामं म्हणजे मार्केट यार्डातल्या अडत्यांच्या पट्ट्या. हळद, गूळ, बेदाणा, प्रत्येकाची पट्टी वेगळी. हमाली, तोलाई, अडत यांचे रकाने वेगळे. शेतकरी त्या कागदावर पैसे मोजून घेतो, तेव्हा रकाना कुठे तिरका जाता कामा नये, यावर अण्णांचा फार कटाक्ष. नाटकांची हँडबिलं असत, शाळांच्या प्रश्नपत्रिका असत. पण घर उभं राहिलं ते लग्नपत्रिकांवर.

पत्रिकेचं प्रूफ आई वाचायची. अण्णा दुपारी एकला जेवायला घरी येत, ते प्रूफ घेऊनच. आई सातवी शिकलेली, पण नाती तिला अचूक कळायची. ‘हे आजोबा आईकडचे दिसतात, मग आडनाव वेगळं हवं,’ असं ती म्हणायची आणि बहुतेक वेळा तेच खरं निघायचं. निमंत्रकांमध्ये कोणाचं नाव राहिलं तर त्या घरात वर्षभर अबोला राहतो, म्हणून अण्णा गिऱ्हाइकाला विचारत, ‘धाकट्या काकांचं नाव घातलंत ना?’

मी दहावीत असताना आईला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. ऐन तुळशीच्या लग्नानंतरचे दिवस, कामाचा ढीग. अण्णांनी दोन केस घरी आणून तिच्या कॉटशेजारी स्टुलांवर मांडले आणि तिथेच जुळणी सुरू केली. फर्मा, म्हणजे जुळवून आवळलेलं पान तयार झालं की आमचे मशीनमन काका सायकलवरून ते प्रेसवर न्यायचे. प्रूफ आलं की अण्णा ते आईसमोर धरायचे. सुरुवातीला ती नुसती बोट ठेवायची. मग एक एक शब्द फुटायला लागला. ‘चि. सौ. कां.’ एवढं म्हणायला तिला खूप वेळ लागायचा, घाम यायचा. अण्णा अजिबात घाई करायचे नाहीत. नाव पुरं होईपर्यंत हातातली स्टिक खाली ठेवून ऐकत बसायचे. डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम होतेच, पण आईची वाचा या पत्रिकांनी परत आणली असं आम्ही सगळेच मानतो. त्या हंगामात निम्मी कामं अण्णांनी दुसऱ्या प्रेसकडे पाठवली, त्याबद्दल कधी हळहळ केली नाही.

पुढे डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवरची जुळणी आली. मी श्रीलिपी हे मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर शिकले, मिनी ऑफसेट हे छोटं नवं छपाईयंत्र घेतलं. खिळे अण्णांनी शिशाच्या भावाने वजनावर विकले आणि त्या पैशांत धाकट्या भावाची कॉलेजची फी भरली. लोकांना वाटलं होतं त्यांना जड जाईल. त्यांना मुलाची फी वेळेत गेल्याचाच आनंद होता. ट्रेडल मात्र ठेवला, कारण पावत्यांवर क्रमांक टाकणं आणि फाडायची भोकांची रेघ मारणं त्याच्यावरच उत्तम होतं. आजही बिलबुकं त्याच्यावरूनच जातात. १ जुलै २०१७ ला जीएसटी लागू झाला आणि झाडून सगळ्या दुकानदारांना नवी बिलबुकं हवी झाली, तेव्हा याच ट्रेडलने आम्हाला तारलं.

२००५ च्या महापुरात कागद भिजला, नुकसान झालं, सावरलो. ऑगस्ट २०१९ चा पूर मोठा. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी आहे ४५. कॉम्प्युटर माडीवर नेले, रिमं जमतील तेवढी हलवली. बिडाचा ट्रेडल कुठे हलणार? सत्तरी ओलांडलेल्या अण्णांनी गुडघाभर पाण्यात उभं राहून त्याच्या प्रत्येक सांध्याला हाताने ग्रीस भरलं, तेव्हा कुठे बाहेर आले. पाणी उतरल्यावर बोटभर गाळ निघाला, पण गंज आतपर्यंत गेला नाही. पेठेतल्या सगळ्यांचीच बिलबुकं चिखलात गेली होती. अण्णांनी मला बजावलं, ‘माई, या महिन्यात कोणाकडे अॅडव्हान्स मागायचा नाही.’ उधारी वसूल व्हायला दिवाळी उलटली. सगळी झाली मात्र.

आता छापखाना मी बघते. मशीनमन काकांचा मुलगा ऑफसेटवर आहे. मोबाइलवरच्या निमंत्रणांमुळे पत्रिकांची संख्या घटली, तरी देवापुढे ठेवायला आणि घरोघरी अक्षता द्यायला छापील पत्रिका लागतेच. तेवढ्या कमी प्रती आम्ही डिजिटलवर काढून देतो. दुकान दुपारी एक ते अडीच बंद असतं. सगळे घरी जेवायला जातात. यंदाच्या पत्रिकांची कामं घेणं सुरू केलं आहे. मजकूर आणण्याआधी घरातल्या वडीलधाऱ्यांना एकदा वाचून दाखवा, आणि धाकट्या काकांचं नाव आहे ना, तेवढं बघा.