पायरी उतरून घरात

आमच्या घरी पहिल्यांदा येणारा माणूस दारातच थबकतो आणि विचारतो, "काकू, तुमच्या घरात उतरून का यावं लागतं? घर खचलंय का?" सिलिंडर देणारा मुलगा विचारतो, पुण्याहून आलेले व्याही विचारतात, परवा भाचीच्या मैत्रिणीनेही विचारलं. उंबऱ्याच्या आत एक काळी दगडी पायरी आहे. नवख्याला ती दिसत नाही आणि पाय गचकन खाली जातो. मी दर वेळी "जपून हं" म्हणते आणि चहा ठेवता ठेवता काहीतरी अर्धवट सांगते. आज नीट सांगते.

घर खचलेलं नाही. खाली दगड-विटा आणि वर सागवानी माडी असलेलं हे शंभरी ओलांडलेलं घर जिथं होतं तिथंच आहे. रस्ता वर चढला आहे.

1981 साली मी लग्न होऊन इंदूरला आले तेव्हा या घराला चार पायऱ्या चढून यावं लागायचं. राजवाड्यापासून चालत दहा-बारा मिनिटांवरची आमची गल्ली. आजेसासरे होळकर दरबारात कारकून होते, त्यांनी बांधलेलं घर. पायऱ्या काळ्या पाषाणाच्या, प्रत्येकी सहा इंच उंच. त्या चढलं की ओटला, ओटल्यामागे पडवी आणि मग आतलं घर. माप ओलांडायच्या आधी शालूचा घोळ सावरत त्या चढताना मला धाप लागली होती, ते अजून आठवतं. चार सक चोवीस, म्हणजे जोतं दोन फूट. आज आतली फरशी रस्त्यापेक्षा पाच इंच खाली आहे. मी शाळेत गणित शिकवायचे, त्यामुळे हा हिशोब डोक्यातून जात नाही. 44 वर्षांत रस्ता 29 इंच वर आला, अडीच फुटांना फक्त एक इंच कमी.

हे एका दिवसात झालं नाही. दर तीन-चार वर्षांनी डामर व्हायचं. संध्याकाळी रोलर यायचा, मुलं बघायला जमायची, दुसऱ्या दिवशी गुळगुळीत काळा रस्ता बघून आम्हालाही बरंच वाटायचं. जुना थर खरवडून काढायचा आणि मग नवा टाकायचा, ही रीत आमच्या गल्लीत मी एकदाही पाहिली नाही. त्याची कारणंही आता मला कळतात. खरवडायला मशीन लागतं, दिवस लागतात, तेवढे दिवस रस्ता बंद ठेवावा लागतो. शिवाय जुन्या वस्तीत रस्त्याच्या पोटात हातभर खाली सगळा गुंता आहे: 1978 साली नर्मदेचं पाणी शहरात आलं त्याच्या लाइनी, ड्रेनेज, टेलिफोनच्या केबली, आता गॅस. कुदळ मारली की काहीतरी फुटतं. मग वरूनच थर टाकला जातो. पहिली पायरी कधी बुडाली ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. दुसरी बुडाली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "बरं झालं, माझ्या गुडघ्यांना कमी चढावं लागेल." तिसरी गेली तेव्हा त्या नव्हत्या.

मग चौडीकरण आलं. इथं मला अगदी स्पष्ट सांगायचं आहे, कारण पायरीचा प्रश्न विचारणारे पुष्कळ जण पुढे "म्हणजे तुम्ही रस्ता रुंद करण्याच्या विरोधात ना?" असंही विचारतात. नाही. 2009 साली आमच्या ह्यांना रात्री छातीत दुखायला लागलं तेव्हा ॲम्ब्युलन्स गल्लीच्या तोंडाशी उभी राहिली. आत येणं शक्यच नव्हतं. समोरचे किराणेवाले जैन भाऊ आणि त्यांच्या मुलांनी ह्यांना खुर्चीवर बसवून तिथपर्यंत उचलून नेलं. त्या रात्री ते वाचले, पण ती खुर्ची आणि ती दोनशे पावलं मी विसरलेले नाही. म्हणून नपती, म्हणजे मोजमाप करणारे आले, भिंतीवर लाल निशाण मारून घराचे अकरा फूट जाणार म्हणाले, तेव्हा मी स्वतःच्या हाताने सही केली. शेजारच्या तीन घरांनाही समजावलं.

पाडायचं कामही आम्हीच केलं. इंदुरात अनेकांनी तसंच केलंय. जेसीबीचा एक धक्का लागला की जुन्या घराचं लाकूड आतपर्यंत हलतं, म्हणून निशाणापर्यंतचा भाग आपला आपण गवंडी लावून छिन्नी-हातोड्याने उतरवायचा. बारा दिवस लागले. पडवीत तीस वर्षं बसणाऱ्या टेलरकाकांचं मशीन पहिल्या दिवशीच हातगाडीवर गेलं. मालकाला जागेच्या बदल्यात वाढीव बांधकामाचा हक्क मिळतो, टीडीआर म्हणतात त्याला. भाडेकरूला काय मिळतं, हा रकाना मला कुठल्याच कागदावर दिसला नाही. आणि मालकाचा हक्कही ज्याच्याकडे मोठा प्लॉट आहे त्याच्या कामाचा. ज्याच्यामागे साडेचारशे चौरस फूट उरले त्याने तो वापरायचा कुठे? विकायला गेलं तर गिऱ्हाईक आपला भाव सांगतं.

ओटला उतरल्यावर मात्र एक गोष्ट दिसली, ती मला जन्मभर पुरेल. पायऱ्या काढण्यासाठी रस्त्याच्या कडेने चर खणला होता. चराच्या उभ्या कडेवर सगळे थर स्वच्छ दिसत होते. डामराचे सात पापुद्रे मी बोट लावून मोजले. मध्ये खडी, खाली लाल मुरूम, आणि त्याला टेकून माझ्या चारही पायऱ्या, शाबूत. दुसऱ्या पायरीवर कुणीतरी लोखंडाने नवकंकरी या खेळाचा पट कोरलेला होता: एकात एक तीन चौकोन आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा. मला तो कधी लक्षातच नव्हता, बहुधा पहिल्या थरांबरोबरच झाकला गेला असेल. गवंडीने ब्रशने माती झाडली तर चौकोनांच्या कोपऱ्यांवर खळगे पडलेले. किती हात लागले असतील त्या दगडाला! मी तो तिथल्या तिथे बाजूला काढून ठेवायला सांगितला.

आता सिमेंटच्या रस्त्याची गोष्ट. नव्या रस्त्याच्या उंचीच्या खुणेच्या लोखंडी पट्ट्या दोन्ही बाजूंना ठोकल्या तेव्हाच मला त्या उंच वाटल्या. आमच्या गवंडीकडे पाण्याची नळी असते, पारदर्शक, लांबलचक. त्यातले बुडबुडे अंगठा दाबून काढतात आणि दोन टोकं दोन ठिकाणी धरतात. दोन्हीकडचं पाणी एका पातळीत उभं राहतं. एक टोक त्याने आमच्या उंबऱ्याशी धरलं, दुसरं पट्टीशी. पेन्सिलीने खूण केली, टेप लावला आणि पट्टीजवळच्या माणसाला म्हणाला, "भिया, रोड तो घर के ऊपर जा रहा है. पाँच इंच."

कामावर एक तरुण इंजिनिअर होता. भला मुलगा. उन्हात उभा राहून त्याने माझं सगळं ऐकून घेतलं आणि नकाशाची गुंडाळी स्कूटरच्या सीटवर उलगडली. त्यात रुंदी होती, दुभाजक होता, झाडांची हिरवी वर्तुळं होती, खाली रस्त्याचा आडवा छेद होता: इतकं सिमेंट, इतकी खडी, इतका उतार. मी विचारलं, यात आमची घरं कुठं आहेत? तो म्हणाला, "आंटी, क्रॉस सेक्शन में घर नहीं होता." खरंच नव्हतं. दोन्ही कडांना रेघ संपत होती. नाक्यावर काँक्रीटची गाडी फिरत उभी होती. तो माल फार वेळ थांबवता येत नाही, लगेच टाकावा लागतो. त्याच संध्याकाळी रस्ता झाला.

माझं म्हणणं एवढंच आहे. नकाशा वरून काढतात, म्हणून त्यात लांबी-रुंदी येते. आपण राहतो ते उंचीत. पाणी कुठून कुठे जाणार, म्हातारं माणूस दारातून बाहेर पडू शकणार की नाही, संडासाचं पाणी चेंबरकडे जाणार की उलटं आत येणार, हे सगळं इंचांवर ठरतं. सुपर कॉरिडॉरच्या नव्या वस्तीकडे आधी रस्ता आखतात आणि मग त्याच्या मापाने जोतं बांधतात. तिथं हा प्रश्नच येत नाही. जुन्या इंदुरात घरं आधीची आहेत. इथं रस्त्याने घरांकडे बघून आपली पातळी ठरवायला हवी.

इंदुरात पाऊस इंचांत मोजतात, सकाळच्या पेपरात इंचच असतात. वर्षाला सरासरी सदतीसच्या आसपास. 2020 च्या ऑगस्टमध्ये एका दिवसात दहा इंचांवर पडला तेव्हा आमची एक पायरी अजून शिल्लक होती, पाणी तिच्यापाशी थांबलं. आता पहिल्या जोराच्या सरीलाच उंबऱ्यावर फळी आडवी लावतो आणि मागे रेतीच्या पिशव्या. मागच्या ड्रेनेजला उलटं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह बसवला. ज्यांना परवडलं त्यांनी घराची फरशी उचलून घेतली, पुढे रॅम्प ओतला. त्यांच्या रॅम्पवरून वाहणारं पाणी शेजारच्या खालच्या घरात जातं. त्यावरून गल्लीत दोन घरांचं बोलणं बंद आहे. पन्नास वर्षांचा घरोबा होता.

बिल्डर येतात. पाडा, खाली पार्किंग ठेवू, वर दोन फ्लॅट तुमचे. खाली कुणी राहणारच नाही, मग लेवलची कटकट नाही. सहा घरांनी दिलं. त्या सहा दारांसमोर आता संध्याकाळी कुणी बसलेलं नसतं, गाड्या असतात.

या शहरावर माझं मनापासून प्रेम आहे. इथली सकाळी न चुकता येणारी कचरागाडी मी बाहेरगावच्या लोकांना अभिमानाने दाखवते. 2021 मध्ये इंदूर देशातलं पहिलं वॉटर प्लस शहर झालं, नाल्यांत सोडलेलं घाण पाणी अडवलं, ते काम किती कठीण होतं हे मला ठाऊक आहे. हेच करू शकणाऱ्या शहराला उंबऱ्यांची उंची मोजणं अवघड नाही. रुंदीतली चूक निदान मागे घेता येते. बीआरटीएस, म्हणजे बसची राखीव मार्गिका, 2013 मध्ये सुरू झाली, 2025 मध्ये उच्च न्यायालयाने ती काढायला परवानगी दिली. चढवलेला रस्ता खाली आणलेला मात्र मी अजून पाहिला नाही.

आणि हे इथं कुणी कधी शिकवलंच नव्हतं असंही नाही. प्लेगच्या काळात होळकर दरबाराने पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश नगररचनाकाराला बोलावलं होतं. 1918 मध्ये त्याचा दोन खंडांचा अहवाल निघाला. सरसकट पाडापाडीच्या तो विरोधात होता. घरं पाडून रस्ते रुंद केले की तिथली माणसं दुसऱ्या वस्तीत जाऊन आणखी दाटी करतात, रोग तिथं जातो, हे त्याचं सांगणं. नडणारी तेवढी भिंत काढा, बाकी राखा. तो गल्ल्यांतून पायी फिरायचा. एका दिवाळीला त्याने मिरवणूक काढली: जे रस्ते झाडून-पुसून घरं दुरुस्त करतील, तिथून मिरवणूक जाईल. प्लेगच्या राक्षसाचा पुतळा केला आणि शेवटी जाळला. लोकांनी हौसेने घरं स्वच्छ केली. आजच्या इंदूरला ही गोष्ट किती आपली वाटावी! पायी फिरणाऱ्या माणसाला पायऱ्या दिसतात, म्हणून मला तो जवळचा वाटतो.

चौडीकरणाचा पुढचा टप्पा आमच्या मागच्या गल्लीत येणार आहे असं म्हणतात. म्हणून मी आणि आमचा गवंडी गेल्या थंडीत पाण्याची नळी घेऊन दारोदार फिरलो. 43 घरं. प्रत्येक उंबरा रस्त्यापासून किती वर किंवा किती खाली, ते वहीत लिहिलं. सतरा घरं आताच रस्त्याच्या खाली आहेत. एका आजींनी आम्हाला बघून आधी दार लावून घेतलं, त्यांना वाटलं निशाण मारायला आलो. मग चहा दिला. वहीची प्रत अर्जासोबत दिली आहे, पोच घेतली आहे, दर पंधरा दिवसांनी विचारायला जाते. मागणी एवढीच की नव्या रस्त्याची वरची पातळी सगळ्यात खालच्या उंबऱ्याच्या चार इंच खाली धरा, आणि त्यासाठी जुने थर आधी खरवडा.

नवकंकरीची पायरी मी आत बसवून घेतली. जी चढून मी या घरात आले, तीच आता तुम्ही उतरून येता. दुपारी माझी नात तिच्यावर चिंचोके मांडून खेळत असते. तेव्हा याल तर चौकटीला हात धरून, तिच्या बाजूने पाय टाका. डाव उधळला की ती फार रडते.