व्हिटॅमिन डी ११.४ आलं तेव्हापासून आजपर्यंत

मागच्या पावसाळ्यात जमिनीवरून उठताना मला हाताचा आधार लागायला लागला, मांड्या भरून यायच्या, ठाणे स्टेशनचा जिना चढताना मध्येच थांबायला व्हायचं. वय ४३, वाटलं झोप कमी पडतेय. डॉक्टरांनी नडगीचं हाड अंगठ्याने दाबलं तर डोळ्यांत पाणीच आलं. मग विचारलं, ऊन कधी लागतं? सकाळी साडेसातची लोकल, दिवसभर बँक, घरी यायला आठ. खिडकीजवळच बसते म्हटलं, तर म्हणाले त्याचा उपयोग नाही, व्हिटॅमिन डी बनायला लागतात ते उन्हातले यूव्हीबी किरण काचेतच अडतात.

टेस्ट लिहून दिली '२५ हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी', सोबत कॅल्शियम, क्रिएटिनिन (किडनीसाठी) आणि पीटीएच, म्हणजे रक्तातलं कॅल्शियम सांभाळणारं हार्मोन. लॅबमध्ये पावती हातात घेतली तर त्यावर १,२५ डायहायड्रॉक्सी! नावं सारखी वाटतात पण ती टेस्ट वेगळी, शरीरात डी कमी असलं तरी ती नॉर्मल येऊ शकते. चिठ्ठी शेजारी धरून बघितली म्हणून लक्षात आलं, तुम्हीही बघाच.

रिपोर्ट आला ११.४ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर. २० च्या खाली म्हणजे कमतरता, आणि माझं पीटीएचही वाढलेलं, म्हणजे हाडांतून कॅल्शियम ओढलं जात होतं. ६०,००० युनिटची कॅप्सूल आठवड्यातून एकदा, ८ आठवडे. मी रविवार धरला, दुपारी वरण-भात-तूप जेवून लगेच घ्यायची कारण हे स्निग्ध पदार्थांबरोबर चांगलं शोषलं जातं, आणि कॅलेंडरवर खूण करायची. पाचव्या-सहाव्या आठवड्यात जिना सोपा वाटायला लागला. तीन महिन्यांनी परत तपासलं, ३४. आता रोज १,००० युनिटची गोळी, बास.

ह्या सगळ्यात आईचं कळलं आणि तेच मला मनापासून सांगायचंय. तिला दोन वर्षांपूर्वी अशाच कॅप्सूल दिल्या होत्या, कुठे थांबायचं हे कुणी सांगितलं नाही, ती जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून आणत राहिली, दर आठवड्याला, वर्षाच्या वर! तिला मळमळ, बद्धकोष्ठता, सारखी तहान, आम्ही सगळं वयावर ढकललं. माझ्या टेस्टच्या वेळी तिचंही रक्त दिलं तर डी १५८ आणि कॅल्शियम ११.३, दोन्ही जास्त. हे व्हिटॅमिन चरबीत साठतं, जास्त झालेलं लघवीवाटे निघून जात नाही. डॉक्टरांनी लगेच सगळं बंद केलं, पाणी भरपूर प्यायला सांगितलं, किडनी तपासली, ती ठीक निघाली म्हणून जीव भांड्यात पडला.

बहीण म्हणाली मीपण करून घेते टेस्ट. तिला काही त्रास नाही, पन्नाशीही नाही, रोज दुपारी शेतावर असते. डॉक्टर नको म्हणाले. एंडोक्राइन सोसायटीने (हार्मोनच्या डॉक्टरांची संस्था) २०११ मध्ये डी पुरेसं म्हणायला ३० हा आकडा धरला होता, २०२४ च्या नव्या सूचनांमध्ये तो मागे घेतला आणि निरोगी माणसाची सरसकट टेस्ट नको असंही म्हटलंय. पंचाहत्तरीच्या पुढे किंवा गरोदरपणात टेस्टशिवायही रोजचा छोटा डोस सुचवतात. मला पटलं, कारण माझ्याकडे टेस्टला कारण होतं, तिच्याकडे नाही.

आईचं कॅल्शियम गेल्या आठवड्यात १०.१ आलं, म्हणजे नॉर्मल. डी अजून ९० च्या वर आहे, ते हळूहळूच उतरणार. जुनी चिठ्ठी मी तिच्या पर्समधून काढून फाडून टाकली.