तुम्ही विचारलंत म्हणून: तो प्रकल्प पुढे का चालवला नाही?

"मॅडम, एवढं चांगलं चाललं होतं, विद्यापीठ आपणहून मुदत वाढवून देत होतं, मग तुम्ही नाही का म्हणालात?" शिक्षण परिषदेत, पंचायत समितीच्या जिन्यात, लग्नात पंगतीला बसल्यावरसुद्धा हाच प्रश्न. प्रकल्प बाहेरगावच्या एका विद्यापीठाच्या शिक्षणशास्त्र विभागाचा, शाळा कोल्हापूर जिल्ह्यातल्या भुदरगड तालुक्यातल्या आम्हा जिल्हा परिषदवाल्यांच्या, आणि हेतू शिक्षकांमधूनच नेतृत्व तयार करण्याचा. गटाची समन्वयक म्हणून पुढच्या संमतीपत्रावर सही माझी लागणार होती. ती मी केली नाही. आजवर "घरच्या अडचणी" म्हणून वेळ मारून नेली. आता एकदाच सांगते.

आधी हे, की विद्यापीठांशी माझं वाकडं नाही. गारगोटीच्या, म्हणजे आमच्या तालुक्याच्या गावाच्या, आसपास नोकरी करणाऱ्याला ते परवडणारही नाही. शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईकांनी १९४७ मध्ये इथं मौनी विद्यापीठ उभं केलं, आणि पुढे देशाच्या शिक्षणाचा विचार करणाऱ्या १९६४–६६ च्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिवही तेच. हायस्कूलला आसपासच्या प्राथमिक शाळा जोडायच्या, शिक्षकांनी एकमेकांच्या आधाराने शिकायचं, ही शाळा संकुलाची कल्पना त्या आयोगाच्या अहवालातली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात ती पुन्हा आली. मधल्या काळात आपल्याकडे आसपासच्या शाळांच्या गटासाठी केंद्रशाळा आल्या, केंद्रप्रमुख आले, आणि त्या बिचाऱ्यांचा दिवस "माहिती आजच्या आज भरा" यातच मावळतो. कल्पना साठीला आली, तिला सवड काही मिळाली नाही.

ती सवड प्रकल्पाने दिली, हे मान्य. "उपस्थिती कर्तव्यकाळ समजण्यात यावी" एवढी एक ओळ असलेलं पत्र आलं आणि एरवी एकमेकांच्या शाळेत पाऊल न टाकणारे आम्ही एकमेकांच्या वर्गात मागे बसून पाठ बघायला लागलो. प्राध्यापकही चांगले होते. भर पावसात वाडीवरच्या शाळेत येऊन मुलांच्या ओळीत बसकरावर बसायचे, डबा आमच्याबरोबर खायचे. पोराला "चुकलं" म्हणण्याआधी "कसं केलंस?" विचारायचं, ही सवय त्यांनीच लावली.

आता त्या वहीबद्दल.

आमच्या गटातल्या एक बाई डोंगराकडच्या दोन शिक्षकी शाळेत. बोलायला भिडस्त. त्यांनी हातच्याच्या वजाबाकीत मुलं काय काय चुकतात हे एका लांबड्या वहीत उतरवायला सुरुवात केली. जुन्या कॅलेंडरचं कव्हर घातलेलं, आत पेन्सिलीने मुलांची उत्तरं, शेजारी लाल शाईत मूल काय बोललं ते. एका पानावर ५२ वजा २७. बऱ्याच मुलांचं उत्तर ३५. आम्ही सगळे म्हणालो, हातचा समजला नाही, सराव घ्या. बाई म्हणाल्या, थांबा. एक पोरगा म्हणतोय, "दोनातनं सात जात नाहीत, मग सातातनं दोन घालवले. मोठ्यातनं लहान वजा करायचं, तुम्हीच सांगितलंय." दुसरी पोरगी दशक सुटा करते, बारातून सात घालवते, पाच बरोबर लिहिते, पण पाच दशकांतला एक गेला हे विसरते. दोघांचं उत्तर ३५. चुका दोन, आणि पान बघून त्या ओळखूच येत नाहीत.

मग बाईंनी गणित बदललं. ६३ वजा २७. पहिल्याचं उत्तर आलं ४४, दुसरीचं ४६. आता चूक आपोआप वेगळी पडली. पहिल्याला काड्यांचे गठ्ठे सोडायला बसवलं, दुसरीला फक्त सुटा केलेला दशक खोडून वर नवा आकडा लिहायची सवय लावली. पुढारीपण म्हणतात ते हेच असेल तर मी ते त्या दुपारी बघितलं.

समारोप कोल्हापुरात झाला. मोठं सभागृह, गुलाबाची फुलं, दीपप्रज्वलन, स्वागतगीत. पडद्यावर ते पान आलं. खाली लिहिलेलं, शिक्षक क्र. ७. बाई माझ्या शेजारीच होत्या, पहाटेच्या एसटीने आलेल्या. व्यासपीठावरच्या पाहुण्यांनी विचारलं, "मग यावर उपाय काय केलात?" प्रकल्पाची सादरीकरणं करणारा तरुण संशोधक म्हणाला, "हातच्याचा जास्तीचा सराव दिला." बाईंनी हात वर केला. सूत्रसंचालिकेने हसून खूण केली, प्रश्न शेवटी. शेवटी सत्कार लांबले आणि चहा झाला. बाई उठून पडद्यापाशी गेल्या, तोवर प्रोजेक्टर बंद केला होता. तिथल्याच एका माणसाला त्या सांगत राहिल्या की ६३ वजा २७ दिल्याशिवाय काही कळत नाही. तो वायर गुंडाळत हो हो म्हणत होता.

"नाव घातलं नाही म्हणून रुसली," असं माझ्याबद्दल बोललं जातं. नावाचं मला कळतं. संशोधनात ओळख लपवतात, ती शिक्षकाच्या भल्यासाठीच, हे प्राध्यापकांनी नंतर शांतपणे समजावलं. ते खोटं नव्हतं. पण वहीतलं ज्ञान जिचं होतं तिलाच उत्तर देऊ द्यायचं नाही, असा नियम कुठल्या संशोधनात आहे? आणि अहवालात चुकीचा उपाय छापून तो दुसऱ्या तालुक्यात प्रशिक्षणात सांगितला गेला, त्याचं काय?

अर्थात मीही फार सोवळी नव्हते. माईक मला आवडायला लागला होता. तज्ज्ञ मार्गदर्शक म्हणून शेजारच्या तालुक्यांत बोलावणी यायची. मी आजऱ्यात नेतृत्वावर बोलत असायचे, तेव्हा माझा तिसरीचा वर्ग चौथीच्या गुरुजींकडे एकत्र कोंबलेला असायचा. शिक्षकाला वर काढायचं म्हणजे वर्गातून काढायचं, ही वाट मला पसंत नाही. लीलाताई पाटील अध्यापक महाविद्यालयाच्या प्राचार्यपदावरून निवृत्त झाल्या आणि १९८५ मध्ये कोल्हापुरात सृजन आनंद विद्यालय सुरू करून बसल्या, म्हणजे वरून वर्गाकडे आल्या. आमच्या प्रकल्पात मात्र सगळे जिने वरच जात होते.

तरी माझीच जुनी मी मला विचारते: पत्राशिवाय तुम्हाला कोण मोकळं सोडणार होतं गं? उत्तर नाही माझ्याकडे. सही केली नाही तेव्हापासून गट शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर आपापला भरतो. कर्तव्यकाळ नाही, प्रवासभत्ता नाही. बीएलओचं, म्हणजे मतदारयादीचं, काम आलं की निम्मे गायब. लांबचे सर एसटीची वेळ झाली की अर्ध्या बोलण्यातून उठतात. त्यांना काय बोलणार?

आता दुसऱ्या एका संस्थेचा निरोप आलाय. मी अटी कळवल्यात: प्रश्न आमच्या वर्गातून निघेल, सादरीकरण जिचं काम ती करेल, नाव घालायचं की नाही हे तीच ठरवेल, आणि वर्गाला बदली शिक्षक दिल्याशिवाय कुणालाही बाहेर बोलावणार नाही. शेवटच्या अटीवर ते म्हणाले, बघू.

गटात यावर एकमत नाही. सही करा म्हणणाऱ्यांत पुढे कोण असेल? वहीवाल्या बाई. "मॅडम, नव्या धोरणात वर्षाला पन्नास तासांचं प्रशिक्षण सांगितलंय न्हवं? ते कुठंतरी बसून ऐकण्यापेक्षा यात भरू द्या की. नाव नसलं तर नसलं. ह्या खेपेला माईक मी सोडणार नाही." शनिवारी यावर हात वर करून ठरवायचं आहे. माझा हात खाली असेल, असं आज तरी वाटतंय.