नेरूळ ते दिवेआगर : संधिवात असताना गाडीने जायचं तर बॅग कशी भरते मी

आमच्या घरी ट्रिप ठरली की बाकीच्यांच्या बॅगा आदल्या रात्री भरतात, आणि माझी आठवडाभर आधीपासून कपाटापाशी उघडी पडलेली असते. मला रूमॅटॉइड आर्थ्रायटिस आहे. वयामुळे गुडघे झिजतात तो संधिवात वेगळा, यात आपलीच प्रतिकारशक्ती सांध्यांच्या आतल्या अस्तरावर हल्ला करते, बोटं, मनगटं, पावलं असे छोटे सांधे आधी धरतात, आणि बायकांना हा पुरुषांपेक्षा दोन-तीन पट जास्त होतो. एवढं सांगायचं कारण म्हणजे "अगं गाडीनेच तर जायचंय, नुसतं बसून राहायचंय" हे मी फार ऐकलंय, आणि नुसतं बसून राहणं हेच माझ्या सांध्यांना जमत नाही.

तर यावेळी फेब्रुवारीत दिवेआगर. मी, नवरा, मुलगी आणि सासूबाई. अंतर तसं दीडशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे नेरूळवरून काही फार लांब नाही.

माझं पॅकिंग बॅगेपासून नाही, फोनपासून सुरू होतं. राहायचं घरगुती ठिकाणी होतं, तिथल्या काकूंना मी फोन करून सरळ विचारलं, खोली तळमजल्यावर आहे का, कमोड आहे का, झोपायला कॉट आहे की खाली गाद्या, जेवायला टेबल आहे का, फ्रीज आहे का आणि लाईट किती वेळ जाते. पूर्वी हे विचारायला मला संकोच वाटायचा पण आता नाही वाटत, कारण भारतीय संडासात बसून उठताना मनगटावर सगळा भार येतो आणि मग पुढचा अख्खा दिवस हात सुजलेला राहतो. काकू म्हणाल्या, "सगळं आहे हो ताई, आणि सकाळी पाणी चुलीवर कडकडीत तापवून देते, या तुम्ही बिनधास्त." त्या गरम पाण्याने मला किती धीर आला ते माझ्यासारख्या सकाळी आखडून उठणाऱ्यांनाच कळेल.

आता इंजेक्शन. मी अडालिमुमॅब घेते, म्हणजे प्रतिकारशक्तीचा हा हल्ला दाबणारं औषध, ते पेनासारख्या दिसणाऱ्या तयार इंजेक्शनमध्ये येतं, दर पंधरा दिवसांनी एक, आणि मुलीच्या परीक्षेमुळे ट्रिपची तारीख अशी आली की डोस नेमका तिथे असतानाच होता. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले बरोबर घेऊन जा, पण नीट सांभाळून. हे औषध २ ते ८ डिग्रीत ठेवायचं असतं. फ्रीजबाहेर काढून काही दिवस ठेवायची सूट असते, माझ्या पेनच्या कागदावर १४ दिवस लिहिलंय, पण ते २५ डिग्रीच्या आत, आणि कोकणात फेब्रुवारीच्या दुपारी २५ कुठून आणायचे, त्यामुळे थंड बॉक्स लागतोच. मी छोटा इन्सुलेटेड डबा नेते, त्यात गोठवलेले दोन जेल पॅक, मध्ये टॉवेलचा नॅपकिन आणि त्यात गुंडाळलेलं पेन. पेन जेल पॅकला थेट चिकटता कामा नये, कारण ते गोठलं तर वाया गेलं, पुन्हा वितळलं तरी वापरायचं नाही. गोठणं उन्हाइतकंच वाईट हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, बर्फात खुपसून नेतात बिचारे. आणि डबा डिकीत नाही, माझ्या पायाशी. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत औषध ठेवायचंच नाही, वडे खायला दहा मिनिटं उतरलो तरी डबा हातात. हा नियम मुलीला एवढा पाठ झालाय की "आई, डबा" हे तीच आधी म्हणते.

गोळ्यांचं जास्त सांगत नाही, पण मेथोट्रेक्सेट या माझ्या संधिवातावरच्या गोळीबद्दल सांगायलाच हवं. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं. प्रवासात वारांचा गोंधळ होतो म्हणून माझ्या स्ट्रिपवर मार्करने मोठ्ठं "रविवार" लिहिलेलं असतं, आणि नवरा आणि सासूबाई दोघांनाही ते माहीत आहे. तिचा त्रास कमी व्हावा म्हणून घ्यायचं फॉलिक ॲसिड वेगळ्या दिवशी, तेही लिहिलेलं. सोमवारी मला मळमळतं, अंगात काही त्राण नसतं, म्हणून आम्ही गुरुवारी निघून शनिवारी परतायचं ठरवलं. ट्रिपचे वार माझ्या गोळीवर ठरतात आणि त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही असं मला मनापासून वाटतं, मुलांच्या शाळेवर ठरतातच की. गोळ्या मी डबीत काढत नाही, स्ट्रिपमध्येच नेते म्हणजे नाव आणि तारीख दिसते, निम्म्या पर्समध्ये आणि निम्म्या बॅगेत, आणि चार-पाच दिवसांच्या जास्तीच्या, कारण ही औषधं गावातल्या मेडिकलात मिळतीलच असं नाही. प्रिस्क्रिप्शनचा कागद आणि मोबाईलमध्ये फोटो, दोन्ही. थर्मामीटर पण. या औषधांनी प्रतिकारशक्ती दबलेली असते, इंजेक्शन सुरू करण्याआधी टीबीची तपासणी करतात ती त्याचसाठी, त्यामुळे ताप आला तर पुढचा डोस न घेता आधी डॉक्टरांना फोन. म्हणून पाणी घरचं आणि रस्त्यावरची कापलेली फळं नाहीत. वाटेत माणगावला उपजिल्हा रुग्णालय आहे आणि १०८ ची ॲम्ब्युलन्स आहे, हे निघायच्या आधीच सगळ्यांना सांगून ठेवते.

मला स्वतःला सगळ्यात महत्त्वाच्या वाटतात त्या मात्र वेगळ्याच वस्तू, आणि त्या कुठल्याच डॉक्टरने सांगितलेल्या नाहीत. झाकण दाबून उघडणारी बाटली, कारण फिरकीचं झाकण माझ्या बोटांनी फिरत नाही. रबराचा एक चौकोनी तुकडा, बाकी झाकणांसाठी. प्लास्टिकचा छोटा हलका मग, कारण बाथरूममधला भरलेला मोठा मग उचलायला मनगट तयार नसतं. वेल्क्रोची सँडल, बटणं नसलेले कुर्ते, जाड दांड्याचा चमचा. बॅगेच्या चेनच्या पकडीला बांधलेली नाडी, म्हणजे बॅग मला माझी उघडता येते. यातलं काही नसेल तरी घरचे करून देतात, माझा नवरा तर न सांगता करतो, पण तहान लागली की प्रत्येक वेळी कुणाकडे तरी बाटली धरायची आणि तो बोलणं थांबवून ती उघडून देणार, असे तीन दिवस गेले की माणूस पाणीच कमी पितो. मी प्यायचे कमी. म्हणून माझी बॅग मोठी असते, आणि ती तशीच असणार.

निघायच्या वेळेवरून घरात बोलणं झालंच. नवऱ्याचं म्हणणं पहाटे पाचला निघू, पळस्पे फाट्याला ट्रॅफिक लागायच्या आत पार. मी म्हटलं, "अरे पाचला माझ्या हातात ब्रश राहत नाही, गाडीत कशी चढू?" सकाळचा आखडलेपणा जायला मला तास-दीड तास लागतो, गरम पाण्याची आंघोळ, पोटात काहीतरी आणि मग गोळी, हे झाल्याशिवाय मी निघाले तर पेणपर्यंत रडकुंडीला येते. सासूबाई म्हणाल्या, "गुरुवार आहे, कसली घाई, साडेनऊला निघा." साडेनऊला निघालो. उरण फाटा, बेलापूर, खारघर, कळंबोली करत पनवेल, आणि पळस्प्याला थोडं थांबावं लागलं, ते लागलं.

पुढे दर तासाला उतरायचं हे ठरलेलं. कर्नाळ्याला उतरले, वडखळला उतरले, तिथे सासूबाईंनी पोह्याचे पापड घेतले, मग कोलाड. उतरून पाच मिनिटं चालायचं, घोटे गोल फिरवायचे, मुठी उघडमीट करायच्या, बस एवढंच, पण हे केलं की माणगावला मी आपली आपण उतरते. मांडीवर उशी आणि त्यावर मनगटं, म्हणजे खड्ड्याचा हिसका थेट बसत नाही, आणि या रस्त्याचं चौपदरीकरण २०११ पासून चालू आहे तेव्हा उशी लागतेच. एसीची झडप हातांवर येणार नाही अशी वळवलेली, तरी सुती हातमोजे घातलेले. माणगावहून आत वळलं की साई, म्हसळा, घाटाची वळणं, तिथे नवरा न सांगता सावकाश चालवतो.

दिवेआगरला पोचलो तेव्हा जेवणाची वेळ झालेली. काकूंच्या वाडीत सुपारीच्या बागेची गार सावली, टेबलावर गरम भात, सोलकढी, उकडीचे मोदक. मी दुपारी दोन तास झोपले. सगळ्यांना समुद्राची घाई होती, त्यांना म्हटलं तुम्ही जा, मी ओहोटीला येते. ओहोटीची वेळ मी आधीच बघून ठेवलेली असते, कारण कोरड्या भुसभुशीत वाळूत पाऊल वाकडंतिकडं पडतं आणि घोटा लगेच बोलायला लागतो, ओहोटीला मात्र ओली वाळू घट्ट आणि सपाट मिळते. किनारा लांबच लांब, मागे सुरूची झाडं, संध्याकाळी आम्ही चौघं निवांत चाललो. मुलगी माझ्या चालीने चालत होती, मुद्दाम सावकाश नाही, शंख वेचत.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेन फ्रीजमधून काढून अर्धा तास बाहेर ठेवलं, थंडगार टोचलं तर जास्त झोंबतं. पोटावर घेतलं, वापरलेलं पेन जाड प्लास्टिकच्या बरणीत, घरी आणण्यासाठी, कुणाच्या कचऱ्यात नाही टाकायचं. मग सुवर्णगणेशाला गेलो, सासूबाईंची फार इच्छा होती. सोन्याचा तो मुखवटा १९९७ मध्ये इथल्याच वाडीत सापडला, २०१२ ला चोरीला गेला, आणि २०२१ मध्ये पुन्हा बसवला, तेव्हापासून त्या "एकदा बघायचाय" म्हणत होत्या. देवळात चपला काढाव्या लागतात आणि कडक गार फरशीवर अनवाणी उभं राहिलं की माझे तळवे पेटतात, त्यासाठी जाड मोजे पर्समध्ये असतातच. मोजे घालून मी त्यांच्याबरोबर शेवटपर्यंत उभी राहिले, आणि त्यांनी सावकाश दर्शन घेतलं.

परत आल्यावर रविवारची गोळी घरीच घेतली आणि सोमवार झोपून काढला. बॅगेत आता बाथरूमसाठी घडीचं छोटं स्टूल वाढवायचंय, ते तिथे फार जाणवलं. डिसेंबरात गुहागर म्हणतायत सगळे, म्हणजे माणगावच्या पुढे महाड, पोलादपूर, कशेडीचा बोगदा, चिपळूण असा बराच लांबचा पल्ला, तेव्हा मी आत्ताच सांगून ठेवलंय की मध्ये चिपळूणला एक रात्र मुक्काम, आणि तिथल्या खोल्यांना फोन मीच करणार.