रक्ताला रांग, मग मूलपेशींना नकार का?

सोलापुरात रक्तदान शिबिरं भरवणाऱ्यांपैकी मी एक. त्यामुळे नर्सिंगच्या मुली, ओळखीतले डॉक्टर हमखास विचारतात, "काकू, रक्त द्यायला रांग लागते, मग नाळेतलं रक्त मूलपेशींच्या संशोधनाला मागितलं की हेच लोक का बिचकतात?" (मूलपेशी म्हणजे ज्यांच्यापासून शरीरातल्या इतर पेशी बनतात त्या; नाळेतल्या रक्तात त्या मिळतात.) तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. अडाणीपणावर खापर फोडू नका.

रक्ताच्या पिशवीला पेशंट असतो. सिव्हिलला कुणाचं ऑपरेशन आहे म्हटलं की यंत्रमागावरचा पोरगा पाळी संपवून तसाच शिबिरात येतो. संशोधनात समोर कुणीच नसतं. फळ कधी मिळेल, कुणाला मिळेल, सांगता येत नाही. म्हणून माणूस आधी विचारतो, आणि विचारावंच.

पूर्व भागातल्या एका आजींनी, पत्र्याच्या मापाने विड्यांसाठी तेंदूची पानं कापता कापता, माझं सगळं ऐकून घेतलं. सुनेचे दिवस भरत आले होते. मग कात्री खाली ठेवून म्हणाल्या, "बाळाला कमी पडणार नाही ना? कुणी विकणार नाही ना? आणि वार आम्हाला पुरायला मिळेल ना?" वार म्हणजे बाळामागून पडणारी प्लॅसेंटा.

पहिल्याचं उत्तर सोपं. नाळ बांधायला निदान एक मिनिट थांबा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यानंतर नाळेत आणि वारेत उरलेलं रक्त घ्यायचं. एरवी तेही दवाखान्याच्या कचऱ्यातच जातं. दुसरं अवघड. दात्याची लेखी संमती हवी, त्याचं नाव गुप्त राहायला हवं, हे आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७च्या मार्गदर्शक सूचनांत आहे. पण पुढे त्यातून कुणीच पैसा कमावणार नाही, असं वचन मी देत नाही. १९५१ मध्ये अमेरिकेत हेन्रिएटा लॅक्स या कॅन्सरच्या पेशंटच्या गाठीतल्या पेशी तिला न विचारता घेतल्या, त्यावर कंपन्या मोठ्या झाल्या, आणि तिच्या वारसांची एका कंपनीशी तडजोड झाली ती २०२३ मध्ये. आजींची शंका पोकळ नव्हती. वारेबद्दल तर मी पाहिलेल्या एकाही फॉर्मवर ओळ नाही. ती घरच्यांना परत मिळेल की नाही, हे दवाखान्याने आधीच सांगायला हवं.

त्यात खाजगी बँकांच्या एजंटांनी घोळ घातलाय. पैसे भरून नाळेचं रक्त बाळासाठी साठवा, म्हणजे पुढे सगळे आजार बरे होतील, असं ते सांगत फिरतात. स्वतःच्याच बाळासाठी असं साठवण्याची शिफारस आयसीएमआर करत नाही. काल ज्याचे हजारो रुपये मागितले, तेच आज फुकट द्या म्हटल्यावर कोण विश्वास ठेवेल?

आणि सही कधी मागतात? कळा सुरू झाल्यावर, इंग्रजी कागदावर, तेही नवऱ्याकडे. या गावात घरोघरी तेलुगू, कन्नड, उर्दू बोलतात. सातव्या-आठव्या महिन्यात तपासणीला आलेल्या बाईला तिच्या भाषेत, शेजारी बसवून सांगा. "नाही म्हटलंस तरी उपचारात फरक पडणार नाही," हे सगळ्यात आधी सांगा.