सतरा नंबरचं बजेट

अनुदानाचा अर्ज आला की हल्ली मी आधी बजेटचं पान उघडते. एका निवड बैठकीत मी चांगलीच चुकले, तेव्हापासून ही सवय लागली.

शहरांच्या अभ्यासावर सेमिनारची मालिका भरवण्यासाठी पैसे देणारा एक निधी आहे, त्याच्या समितीवर मी होते. मोठ्या संशोधन प्रकल्पांच्या मानाने रक्कम किरकोळ. त्यातून कुणाचा पगार निघत नाही, विद्यापीठाला ओव्हरहेड, म्हणजे वरखर्चाचा वाटा, मिळत नाही, लॅपटॉप घेता येत नाही. माणसं एका खोलीत आणण्यापुरते पैसे मिळतात: तिकिटं, मुक्काम, हॉल, दुभाषी. दोन वर्षांत तीन-चार सेमिनार, आणि त्यांत नुकतीच पीएचडी झालेली मंडळी हवीत. पण वाद घडतात ते अशा खोल्यांतच. समाजशास्त्रज्ञ रूथ ग्लास यांनी १९६४ साली लंडनबद्दल लिहिताना ‘जेंट्रिफिकेशन’ हा शब्द घडवला: कष्टकऱ्यांच्या वस्तीत पैसेवाले राहायला येतात आणि जुने रहिवासी बाहेर ढकलले जातात, ते. तो लंडनच्या वस्त्यांसाठीचा शब्द आशिया-आफ्रिकेतल्या शहरांना चिकटवायचा की नाही, एवढ्यावरच भांडायला पैसे मागणारे चार अर्ज त्या फेरीत होते.

अर्जांची पहिली ओळ जवळजवळ ठरलेली असते. संयुक्त राष्ट्रांचा २०१८चा अंदाज: २०५०पर्यंत जगातली ६८ टक्के माणसं शहरांत राहतील आणि शहरांतल्या या वाढीतला जवळपास ९० टक्के वाटा आशिया आणि आफ्रिकेचा असेल. (मी स्वतःच्या अर्जातही हेच लिहिलंय, तेव्हा हसायचा हक्क मला नाही.)

सहा नंबरचा अर्ज असाच सुरू होत होता, पण पुढे काय लिहिला होता! ग्लोबल साउथमधल्या, म्हणजे आशिया, आफ्रिका, लॅटिन अमेरिकेतल्या शहरांनी सिद्धान्ताला शिकवावं, नुसती उदाहरणं पुरवू नयेत, हा मुद्दा मी इतका नेटका मांडलेला क्वचित वाचला असेल. दहापैकी नऊ देऊन टाकले. सतरा नंबर भाड्याच्या घरांवरचा. भाषा रुक्ष, शीर्षक मिटल्या पानाबरोबर विसरावं असं. वर बजेटमध्ये दोन चमत्कारिक ओळी: ‘व्हिसा न मिळाल्यास पर्यायी सोय, दोन व्यक्ती’ आणि ‘तान्ह्या मुलासोबत येणाऱ्या नातेवाइकाचा प्रवास’. मी पाच दिले आणि शेरा मारला, ‘खर्च फुगवलेला वाटतो.’

बैठकीत सगळ्यात वरचे आणि सगळ्यात खालचे अर्ज झटपट निकालात निघतात. दोन सदस्यांच्या गुणांत तीनपेक्षा जास्त फरक पडला, तर मात्र त्या अर्जावर बोलावंच लागतं. सतराला माझे पाच होते आणि एका सदस्यबाईंचे नऊ. त्या विद्यापीठातल्या नव्हत्या. गृहनिर्माण खात्यात नगररचनेचं काम करून निवृत्त झालेल्या, बोलणं मोजकं.

“फुगवलाय म्हणता, तो नेमक्या कुठल्या ओळीत?” त्यांनी विचारलं.

मी व्हिसाच्या ओळीवर बोट ठेवलं. अध्यक्षांनीही मान डोलावली, कारण ‘आकस्मिक खर्च’ आमच्या नियमांत बसतच नाही. बाई म्हणाल्या, “मग त्यांनाच विचारू या ना.” कार्यालयाने लगेच ईमेल केला. तासाभरात उत्तर आलं. स्पष्टीकरण असं काही नव्हतंच, फक्त एक तक्ता. आधीच्या एका सेमिनारचा.

नावं काढून टाकलेल्या सात ओळी. रकाने चार: व्हिसासाठी अर्ज केला ती तारीख, पासपोर्ट परत मिळाला ती तारीख, सेमिनारची तारीख, तिकिटाचे पैसे. चार ओळी सुखरूप. पाचवीत नकार. सहावीत पासपोर्ट सेमिनार संपल्याच्या दुसऱ्या दिवशी हातात पडलेला, सातवीत नऊ दिवसांनी. या तिन्ही ओळींच्या शेवटच्या रकान्यात एकच शब्द होता, ‘बुडाले’. शेंगेन व्हिसासाठी, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांच्या सामायिक व्हिसासाठी, प्रवासाच्या फार तर सहा महिने आधी अर्ज करता येतो आणि निर्णयाला कागदोपत्री १५ दिवस लागतात. अपॉइंटमेंट मिळेपर्यंत जे आठवडे जातात, ते त्या १५ दिवसांत कोणी धरत नाही. अर्ज नाकारला तरी फी परत मिळत नाही. हे सगळं मला ऐकून ठाऊक होतं. पण माझा पासपोर्ट असा कधी अडकलेला नाही, म्हणून मला ती ओळ फुगवटा वाटली.

मग मी सहा नंबरचं बजेट उघडलं. खरं सांगायचं तर पहिल्यांदाच नीट. तीन सेमिनार, पश्चिम युरोपातली तीन शहरं, एकातून दुसऱ्यात रेल्वेने जाता येईल अशी. बीजभाषणं करणाऱ्यांची विमानाची तिकिटं नावानिशी. सगळ्यात शेवटी एक ओळ, ‘ग्लोबल साउथमधील सहभागी’, समोर एकच ठोक आकडा. तो एका बीजभाषकाच्या तिकीट-मुक्कामापेक्षाही कमी होता. सतरामध्ये उलटा कारभार. तीनपैकी दोन सेमिनार जिथल्या भाडेकरूंबद्दल बोलायचं तिथेच, आणि तिकिटं काढून जाणारे आयोजक स्वतः.

अध्यक्ष म्हणाले, “नियम तर मोडता येणार नाही.” ते बरोबरच होतं. त्यावर बाईंनी तोडगा काढला: ती ओळ काढायची आणि त्याऐवजी रद्द केल्यावर पैसे परत मिळणारी महागडी तिकिटं मंजूर करायची. शिवाय जे येऊच शकणार नाहीत त्यांच्यासाठी त्यांच्याच शहरात चांगल्या माइकची खोली आणि दुभाषी. नातेवाइकाच्या तिकिटावर कुणीच हरकत घेतली नाही, मीही नाही. सतरा मंजूर झाला. माझ्या नऊचे मी सहा केले आणि सहा नंबर यादीबाहेर गेला.

नाकारलेल्या अर्जदारांना अभिप्राय म्हणून चार ओळी पाठवायच्या असतात. सहा नंबरच्या माझ्याकडे आल्या. यात मला अवघडल्यासारखं झालं, कारण त्या अर्जदाराने लबाडी केली नव्हती. कुठल्या वाक्याला गुण पडतात हे तो आमच्यासारख्यांकडूनच शिकला होता. तीन ओळींत मांडणीचं मनापासून कौतुक केलं. चौथी लिहिली: ‘पहिल्या परिच्छेदातले टक्के आणि प्रवासखर्चाचा तक्ता शेजारी ठेवून पाहावेत.’

अध्यक्षांना ती जरा तिखट वाटली. मी ‘पाहावेत’चं ‘पाहता येतील’ केलं आणि पाठवून दिलं.